पाय नसलेलं गिऱ्हाईक

रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
ते आमच्या दुकानात येऊन गेलं.
सर्व्हरच्या वहीत एवढीच नोंद:
आलं, नऊ पानं पाहिली,
दहाव्याला दार सापडलं नाही, परत गेलं.
त्याला पाय नाहीत.
आणि आम्ही विकतो चपला.

मदभावीत लाईट असते तेवढ्यात
मी दुकान झाडून घेते,
म्हणजे फोटोंची नावं बदलते.
'आयएमजी दोन शून्य चार तीन' ह्या नावाचं
जगात कुणी काही शोधत नाही.
न दिसणाऱ्याला सांगावं तसं
सांगायचं असतं प्रत्येक चित्राशेजारी.
मी लिहिते: तेल पाजलेली, मधाच्या रंगाची,
पुरुषांची, बेचाळीस मापाची,
दोन्ही बाजूंना कान, अंगठ्याला वेणी.
वेणी बाळव्वाआत्याची,
तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याची आहे,
हे लिहीत नाही.
लिहावंसं वाटतं.

अप्पा रापी थांबवतात.
"काय लिवाल्यास गं येवढं? चप्पल दिसतीय की."
त्याला दिसत नाही, अप्पा.
"मग त्याला कशाला दाखवाल्यास?"
त्यानं वाचलं तर बाकीच्यांना दिसते.
"म्हणजे दलाल."
होय. दलालच.
पण कमिशन मागत नाही,
नीट बोल म्हणतो फक्त.

मथळ्याला साठ अक्षरं, फार तर.
त्यात कोल्हापुरी घातलं की माणसं येतात,
पुण्याची, सुरतेची, एक बाई कॅनडाहून.
अथणी घातलं तर अथणीचेच एक मास्तर येतात
आणि शुद्धलेखन सुधारून जातात.
मदभावी घातलं की कुणीच नाही.
जिल्ह्याचं नाव तर लोक तीन तऱ्हांनी शोधतात,
बेळगाव, बेलगाम, बेळगावी,
आणि कुठल्या नावाला कोण चिडतो
ते मला चौथीत कळलं होतं,
एस्टीच्या पाटीवरच्या डांबरावरून.
मी तिन्ही घातली.
यंत्राला राग येत नाही.

एकच जोड तीन पत्त्यांवर सापडत होता:
रंगातून गेलं तरी, मापातून गेलं तरी,
दिवाळीच्या सवलतीतून गेलं तरी तोच.
यातलं खरं पान कुठलं, ते सांगावं लागतं.
एकाला मूळ म्हणायचं,
बाकीच्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं.
मी माऊसवर बोट ठेवून बसून राहिले.
चामडं मद्रासेहून,
बाभळीची साल रायाप्पाच्या बांधावरची,
हिरडा घाटावरून आलेला,
घरात बोलणं कानडी, शिव्या मराठी,
नाव कोल्हापूरचं.
शेवटी मापाचं पान मूळ धरलं.
तेवढं तरी पायावर अवलंबून होतं.

अप्पा प्रत्येक तळाखाली ठसा मारतात,
त्यांच्या आज्याचा: अर्धा चंद्र, एक टिंब.
चार दिवस चाललं की झिजतो.
मग मारता कशाला?
"मारायचा असतोय," म्हणाले,
आणि पुढची जोडी ओढली.
त्या रात्री मीही पानाच्या पोटात,
जिथं माणसाची नजर जात नाही,
फक्त त्या गिऱ्हाइकाची जाते, तिथं लिहिलं:
अर्धा चंद्र, एक टिंब, मदभावी.
दहाव्या पानाचं दारही बसवलं.

बेंदराच्या आदल्या दिवशी अहवालात एक ओळ आली.
कुणीतरी, कुठूनतरी शोधलं होतं:
करकर वाजणारी चप्पल मदभावी.
दिसलो एकदा. जागा एक्केचाळिसावी.
उघडून कुणी बघितलं नाही.

मी अप्पांना वाचून दाखवलं.
आत्यानं वेणीतून मान वर केली.
अप्पांना त्यातलं एक्केचाळीसच तेवढं कळलं.
हात पुसत त्यांनी विचारलं,
"पाय रुंद हाय का बारीक?"